मातीची खोली विचारा, मग हवामान सांगा

धाराशिवचं हवामान कोणतं, या प्रश्नाला चार उत्तरं मिळतात आणि चारही छापील आहेत. कोपेनच्या वर्गीकरणात आपण उष्ण निमशुष्क. नियोजन आयोगाने देशाचे १५ कृषी-हवामान प्रदेश पाडले, त्यात आपण पश्चिम पठाराच्या प्रदेशात, थेट माळव्याच्या पंगतीला. राज्याच्या नऊ कृषी-हवामान विभागांत जिल्ह्याचे दोन तुकडे होतात: पश्चिमेचा भूम-परंड्याकडचा भाग अवर्षणप्रवण आणि बाकीचा बराचसा निश्चित पावसाचा. चौथं उत्तर नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेचं. तिच्या कृषी-परिस्थितिकी नकाशात आपला पट्टा पीकवाढीला ९० ते १५० दिवस मिळणाऱ्या दख्खन पठारात येतो. मी वाशी तालुक्यात भूगोल शिकवते आणि घरची शेतीही बघते. माझ्या मते आपल्या खऱ्या कामाचं उत्तर हे चौथंच आहे, आणि शेतकऱ्यापर्यंत न पोचलेलंही तेच आहे.

कोपेनला मी कमी लेखत नाही. हा माणूस वनस्पतींच्या अभ्यासातून हवामानाकडे आला. कुठे काय उगवतं त्यावरून हवा ओळखावी, ही त्याची मूळ दृष्टी. तापमान आणि पाऊस एवढे दोनच आकडे लागत असल्यामुळे जगातलं कुठलंही गाव कुठल्याही गावाशी ताडून पाहता येतं. पण त्याचं सूत्र धाराशिवला लावून बघा. पावसाळा उन्हाळी सहामाहीत येत असेल तर वार्षिक सरासरी तापमानाला २० ने गुणायचं आणि त्यात २८० मिळवायचे. आपलं तापमान साधारण २६ अंश धरलं तर उत्तर येतं ८०० मिलीमीटर. वर्षाचा पाऊस त्याहून कमी असेल तर प्रदेश निमशुष्क, जास्त असेल तर सव्हाना. आपला सरासरी पाऊस सातशेच्या आगेमागे. म्हणजे चांगल्या पावसाच्या वर्षी आपण रेषेच्या एका बाजूला आणि ओढीच्या वर्षी दुसऱ्या बाजूला. जी रेषा दर दोन-तीन वर्षांनी ओलांडली जाते, तिच्यावर विसंबून पीक ठरवता येत नाही.

राज्याच्या विभागांची अडचण याहून गंभीर आहे, कारण त्यांच्यावर कृषी खात्याचा सल्ला उभा राहतो. २०२३ साली राज्य सरकारने पहिल्या यादीत ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आपल्या जिल्ह्यातले वाशी, धाराशिव आणि लोहारा होते, म्हणजे निश्चित पावसाच्या बाजूचेही. दोन वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबरात, अवर्षणप्रवण भूम-परंड्यात असा पूर आला की माणसं हेलिकॉप्टरने बाहेर काढावी लागली. सरासरी खोटी नसते, पण पाऊस कोणत्या आठवड्यात पडला आणि त्यातला किती जमिनीत राहिला, हे ती सांगत नाही.

हे सांगायची रीत अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ थॉर्नथ्वेटने १९४८ मध्ये घालून दिली. पाऊस ही जमा. ऊन आणि पीक मिळून जेवढं पाणी उडवू शकतात तो खर्च. मधली शिल्लक मातीत. महिन्यामहिन्याला ही खातेवही लिहिली की कुठे तूट आहे आणि कुठे वाढावा, ते समोर येतं; चौथ्या उत्तरातले पीकवाढीचे दिवस अशाच हिशोबातून निघतात. व्ही. पी. सुब्रह्मण्यम यांनी १९५६ मध्ये हीच पद्धत भारताला लावून दाखवली. तिच्यात उणिवा होत्या. सुरुवातीला थॉर्नथ्वेटने सगळ्या जमिनींची साठवण सरसकट १०० मिलीमीटर धरली होती. १९५५ मध्ये सहकारी माथरबरोबर त्याने ती माती आणि मुळांच्या खोलीप्रमाणे बदलती केली. उडणारं पाणी तो प्रामुख्याने तापमानावरून काढत असे, त्यामुळे आपल्यासारख्या कोरड्या, वाऱ्याच्या मुलखात खर्च कमी दिसतो. पण आता महसूल मंडळांत महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत आणि ती वारा व आर्द्रताही मोजतात. मंडळातला पाऊस एका गावी पडतो आणि शेजारच्या शिवारात पडत नाही, ही तक्रार खरी आहे. तरीही अख्ख्या जिल्ह्याला एकच आकडा धरण्यापेक्षा हे फार पुढचं पाऊल आहे.

साठवणीचा प्रश्न किती मोठा आहे, ते आमच्याच दोन तुकड्यांत दिसतं. एक ओढ्याकाठचा काळा, दुसरा माळावरचा. २०२३ चा ऑगस्ट देशातला १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. दोन्हीकडे सोयाबीन एकाच वाणाचं, एकाच आठवड्यात पेरलेलं आणि ऐन फुलोऱ्यात. माळावर सकाळी दहालाच पानं उलटून पांढुरकी दिसायची. पहारीने उकरलं तर वीतभरावर मुरूम लागला आणि वरची माती पिठासारखी सुटी. ओढ्याकाठी जमिनीला भेगा होत्या, पण हातभर खाली गेल्यावर मातीची मूठ वळत होती. सासरे म्हणाले, “पाणी दोन्हीकडं सारखंच पडलं की. हिच्या पोटात राहिलं, तिच्या राहिना.” हिशोबही तेच सांगतो. पीक दिवसाला चार-पाच मिलीमीटर पाणी ओढतं. वीतभर मातीत पिकाला मिळेल असं पाणी जेमतेम ३०-४० मिलीमीटर, म्हणजे सहा ते दहा दिवसांचं. मीटरभर खोल काळ्या जमिनीत दीडशेच्या वर, म्हणजे महिन्याची बेगमी. कोपेनच्या नकाशावर आणि राज्याच्या नकाशावर या दोन शेतांचं हवामान एकच आहे.

२०२५ ला नेमकं उलट झालं. काळ्या रानात पाणी तुंबून शेंगा कुजल्या, माळावरचं पाणी निथळून गेलं. म्हणून मी खोल जमीन चांगली आणि हलकी वाईट असं म्हणत नाही. वाढाव्याचाही हिशोब लागतो, आणि तो याच खातेवहीत आहे.

जमिनीतल्या ओलीचा हा फरक महसूल खात्याने फार पूर्वी ओळखला होता. पैसेवारीसाठी आजही खरिपाची गावं आणि रब्बीची गावं वेगळी धरतात. परंड्याकडच्या भारी रानात पावसाळाभर जमीन मोकळी ठेवून, कुळवून, उत्तरा-हस्तात ज्वारी पेरायची आणि साठलेल्या ओलीवर काढायची, ही रीत म्हणजे हवामानाचं अस्सल वर्गीकरणच होतं. ते सोयाबीनच्या लाटेत बाजूला पडलं. सोयाबीन शंभर दिवसांत हातात येतं, रोख पैसा देतं, त्याला नाव ठेवायचं कारण नाही. पण माळावरही तेच आणि ओढ्याकाठीही तेच, हे जिल्ह्याला परवडणारं नाही. हलक्या रानात तूर-बाजरीचं आंतरपीक, चारा, बांधाला बोर-सीताफळ आणि दावणीला उस्मानाबादी शेळी, हे कमी ओलीत बसणारं गणित आहे.

केंद्राची २०१६ ची दुष्काळ संहिता पावसाच्या खंडाबरोबर मातीतली ओल आणि पिकांची स्थितीही पाहते. हे योग्यच आहे. पण तो हिशोब नुकसान झाल्यावरचा. पेरणीआधीचा सल्ला मात्र अजून विभागाच्या नावावर चालतो. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, सामू, जस्त, लोह वगैरे. मातीची खोली त्यात नाही. पाणी धरण्याची ताकदही नाही. खताची मात्रा किलोपर्यंत सांगणारा कागद पावसाने ओढ दिली तर हे रान किती दिवस तग धरेल, हे सांगत नाही.

परभणीचं कृषी विद्यापीठ, तुळजापूरचं कृषी विज्ञान केंद्र आणि जिल्हा कृषी कार्यालय यांनी मिळून आठही तालुक्यांत मातीच्या खोलीची ही नोंद करावी. त्याला नवी प्रयोगशाळा लागत नाही. मातीचे नमुने एप्रिल-मेमध्ये घेतले जातात. तेव्हाच त्याच खड्ड्यात पहार घालून मुरूम किती खाली लागतो ते टेपने मोजावं आणि पत्रिकेवर लिहावं. त्या आकड्याला मंडळाच्या केंद्राची नोंद जोडली की प्रत्येक गटाला ओलीचे दिवस काढून देता येतील. मृगाच्या आधी गावच्या चावडीवर गटनिहाय यादी लागली, तर कोणत्या रानात सोयाबीन आणि कोणत्या रानात तूर, हे शेतकरी स्वतः ठरवेल.