जुन्या मोटारीचा ब्रेक आणि घरची दुरुस्ती

काशीतील दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी कुटुंबांच्या मोटारी कधीच घरासमोर उभ्या राहत नाहीत. गल्ल्या तेवढ्या रुंद नाहीत. मोटार दूर कुठेतरी, उघड्यावर, रस्त्याच्या कडेला असते. चार-चार दिवस तिच्याकडे कोणी फिरकत नाही आणि पावसाळ्यात तिचे पोट ओलेच राहते. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे. १९७८ च्या सप्टेंबरात ती ७३.९० मीटरपर्यंत चढली होती. २०१३ आणि २०१६ मध्येही पुराने ही पातळी ओलांडली. गंगा फुगली की वरुणा आणि अस्सी उलट्या वाहू लागतात व घाटापासून दूरच्या वस्त्यांतही पाणी शिरते. पाणी ओसरते, पण मोटारीच्या तळाशी बसलेला गाळ मात्र मागे राहतो.

या गाळाखाली पोलादाच्या बारीक नळ्या असतात. चालकाच्या पायाने दिलेला दाब याच नळ्यांतील ब्रेक ऑइल चाकांपर्यंत पोहोचवते. द्रवाला दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे सतराव्या शतकात पास्कलने सांगितले. त्यावर हा सारा भरवसा उभा आहे. ब्रेक जोराने दाबला की नळीतील दाब टायरमधील हवेच्या दाबाच्या तीसपटीहून अधिक होतो. नळी चाळीस वर्षे जुनी असो वा चारच, तिला हा दाब पेलावाच लागतो.

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले. उत्तरपाड्याच्या कारखान्यातील अॅम्बेसेडरही त्याच वर्षी थांबली. तरीही या मोटारी आजही जपल्या जातात आणि त्यांत गैर काही नाही. सुटीच्या दिवशी मालकाने स्वतः बाह्या सरसावून प्लग पुसावा, बॅटरीत पाणी घालावे, हा निर्मळ आनंद आहे. प्रश्न ब्रेकच्या नळीपाशी येतो. इतर बिघाडांत मोटार चालू होत नाही. येथे ती चालू होते, पण थांबत नाही.

गंजाची जागा बहुधा ठरलेली असते. नळी जेथे पत्र्याच्या चिमट्याने चासीला धरलेली असते, तेथे चिखल अडकतो, ओल टिकते आणि वरचा पातळ लेप आधी जातो. म्हणून मालकाने घरी जे करावे, ते पाहणे. तारेच्या ब्रशने चिमट्याभोवतीचा भाग हलकेच घासावा. पृष्ठभागावर लालसर डाग असला तर चिंता कमी, पण पापुद्रे सुटत असतील वा बोटाला खड्डे लागत असतील, तर ती नळी बदललीच पाहिजे. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते व कालांतराने नळीला आतूनही पोखरते. साधारण दोन वर्षांनी ते बदलावे, हा नियम मात्र जुन्या मोटारींच्या बाबतीत फारसा पाळला जात नाही.

बदलणे म्हणजे पूर्ण नळी बदलणे. गंजलेला तुकडा कापून मध्ये रबरी नळी घालणे, वर क्लॅम्प आवळणे किंवा फ्रिजसाठी मिळणारी साधी तांब्याची नळी बसवणे, यांस ‘जुगाड’ म्हणून कौतुकाने पाहिले जाते. हे कौतुक धोक्याचे आहे. साधे तांबे कंपनांनी कडक होत जाते आणि एके दिवशी तडकते. तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूची नळी वेगळी. ती गंजत नाही व परदेशी कारखान्यांनीही ती वापरली आहे. नळीचे तोंड दुहेरी दुमडून फुलवावे लागते, त्यासाठी हत्यार लागते आणि सरावही. हे हत्यार व हात ज्याच्यापाशी नाहीत, त्याने नळी मोजून द्यावी आणि काम जाणत्या मेस्त्रीवर सोपवावे. यात कमीपणा कसला? ज्यांस हे येते, त्यांनीही मोटार केवळ जॅकवर ठेवून खाली शिरू नये, आणि नळी बसल्यावर चारही चाकांतील हवा पूर्ण काढल्याशिवाय तिचे चाक हलवू नये.

वाराणसीत याच शहराच्या कडेला रेल्वेची इंजिने घडतात. १९६१ साली स्थापन झालेल्या या कारखान्याचे नाव २०२० पासून बनारस रेल्वे इंजिन कारखाना असे आहे. रेल्वेत ब्रेकची तपासणी झाल्याखेरीज मालगाडी निघत नाही. तसा दाखला चालकाच्या हाती असतो. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीचे नूतनीकरण शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. पण दोन तपासण्यांच्या मधली वर्षे मालकाच्याच डोळ्यांवर असतात. विमा पॉलिसीतही वाहन सुस्थितीत ठेवण्याची अट असते आणि झीज वा यांत्रिक बिघाडाचा खर्च त्यात धरलेला नसतो. हप्ता वेळेवर भरणारे अनेक ग्राहक हे कलम वाचत नाहीत.

खंडेनवमीस मराठी घरांत आणि १७ सप्टेंबरच्या विश्वकर्मा पूजेस बनारसच्या कारखान्यांत हत्यारांना फुले वाहिली जातात. पूर ओसरण्याचा काळही साधारण तोच. त्या सुमारास रात्री मोटारीखाली जुन्या वर्तमानपत्राचे पान पसरून ठेवावे. सकाळी चाकाजवळ काळा नव्हे, तर पातळ, पिवळसर, निसरडा डाग दिसला, तर किल्ली फिरवू नये. मेस्त्रीलाच तेथे बोलवावे.