सिकलसेलची कळ कोण लिहिणार?

१९०४ साली ग्रेनाडा बेटावरचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी शिकागोच्या रुग्णालयात दाखल झाला. त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली या एकाच रुग्णाची हकिकत छापली आणि वैद्यकशास्त्राला सिकलसेल कळला.

हाच आजार विदर्भातील आपल्या बौद्ध आणि आदिवासी वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडांना रक्त मिळत नाही आणि असह्य कळा येतात. बाहेरून काहीच दिसत नाही. मग पोर शाळेत आळशी ठरते, दवाखान्यात ढोंगी! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आला, २०२३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तपासणी होते, कार्ड मिळते. चांगलेच आहे. पण कळ कधी आली, किती दिवस टिकली, कशाने थांबली, हे कोण लिहितो? हायड्रॉक्सीयुरिया हे औषध कळा कमी करते. ते सुरू करताना डॉक्टर प्रामुख्याने हेच विचारतात. आरोग्य केंद्र लिहीत नसेल तर आईबापांनी साध्या वहीत तारखेनिशी लिहावे आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी.