अग्ग, पण कामाचा प्रोग्रामर

इंदूरला ज्यांचे सोयरे आहेत त्यांना सियागंज वेगळे सांगायला नको. किराणा, मसाले आणि हार्डवेअरचा हा घाऊक बाजार, आणि त्याच भागातल्या महाराणी रोडवर विजेच्या सामानाची दुकाने. अशा बाजारात भाव पाडून मागितला की हिंदीतली म्हण ठरलेलीच : सस्ता रोए बार-बार, महँगा रोए एक बार. घरातल्या कन्नड आजीलाही 'अग्ग' म्हटले की आधी शंकाच येते. मुलांच्या मायक्रोकंट्रोलरच्या छंदासाठी प्रोग्रामर घेताना मात्र ही म्हण अर्धीच खरी ठरते.

प्रोग्रामर म्हणजे संगणकावर लिहिलेला प्रोग्राम चिपमध्ये भरणारे छोटे उपकरण. तो घेण्याआधी चिप ठरवावी. मुलगा किंवा मुलगी नुकतीच सुरुवात करत असेल तर आर्डुइनो उनो घ्यावा. त्याच्या चिपमध्ये बूटलोडर आधीच भरलेला असतो, त्यामुळे नुसती यूएसबी केबल पुरते. २०२१ साली आलेल्या रास्पबेरी पाय पिकोचेही तसेच. इथे प्रोग्रामरवर एक रुपयाही खर्चू नये.

पुढे मूल सुटी एटीमेगा ३२८ चिप घेऊन स्वतःचे सर्किट जोडू लागले की प्रोग्रामर लागतो. त्यासाठी 'यूएसबीएएसपी' उत्तम. थॉमस फिशल यांनी त्याचे सर्किट आणि आतला प्रोग्राम सर्वांसाठी खुला ठेवला. कोणीही तो बनवू शकतो, म्हणून तो काही शे रुपयांत मिळतो. त्याच्यासोबत चालणारे एव्हीआरड्यूड हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. घरात आर्डुइनो असेल तर त्यालाच प्रोग्रामर बनवून हे काम भागवता येते.

आता फसगत कुठे होते ते पाहा. यूएसबीएएसपी पिक चिपला चालत नाही. तिथे पिककिटसारखा वेगळा प्रोग्रामर लागतो. डिप्लोमाच्या मुलांना ८०५१ शिकायचा असेल तर एका अक्षराकडे लक्ष द्यावे. एटी८९एस५२ सर्किटमध्ये असतानाच भरता येते. एटी८९सी५१ला मात्र काढून १२ व्होल्टच्या वेगळ्या प्रोग्रामरमध्ये बसवावे लागते. दुकानात चिपचे पूर्ण नाव सांगून 'याला चालेल का' असे विचारावे. थोरल्या भावाचा प्रिंटर पोर्टवर चालणारा जुना प्रोग्रामर घरात असला तरी त्याचा मोह नको. नव्या संगणकांना तो पोर्टच नसतो, आणि यूएसबी-प्रिंटर केबल लावून असे प्रोग्रामर चालत नाहीत. सर्किटवर ३.३ व्होल्टचा सेन्सर असेल तर ५ व्होल्ट देऊ नयेत, तो जळू शकतो.

सगळ्यात जास्त हिरमोड होतो तो फ्यूज बिटमुळे. ही चिपमधली मूळ मांडणी. घड्याळाचा किंवा रिसेटचा बिट चुकला की चिप प्रोग्रामरला उत्तरच देत नाही. मुलाला वाटते आपण चिप मारली, आणि बरेचदा छंद तिथेच सुटतो. खरे म्हणजे ती मेलेली नसते. घड्याळाचा बिट चुकला असेल तर बाहेरून क्लॉक देऊन ती परत येते. रिसेटचा चुकला असेल तर १२ व्होल्टचा प्रोग्रामर लागतो, आणि ते काम यूएसबीएएसपीला जमत नाही. म्हणून सुरुवातीला फ्यूज बिटांना हात न लावण्याची शिस्त घालावी आणि प्रोग्रामरबरोबर दोन चिपा जादा घ्याव्यात.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. आपल्या चिपला तो चालतो का? त्याचे सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर चालते का? आणि अडल्यास विचारायला तोच प्रोग्रामर वापरणारे कोणी ओळखीचे आहे का? तिन्हींचे उत्तर 'हो' असेल तर अग्ग घेतले म्हणून रडायची वेळ येणार नाही. एकाचेही उत्तर 'नाही' असेल तर हजारोंचा प्रोग्रामरही कपाटातच पडून राहील.