नाविकाची आरोग्यपात्रता आणि वैद्याची स्वाक्षरी

कोकण किनाऱ्यावर व्यवसाय करणाऱ्या वैद्यांना हा प्रसंग नवा नाही. लाँचवरील सारंग अथवा खलाशी दवाखान्यात येतो आणि म्हणतो, "डॉक्टर, उद्या कामावर हजर व्हायचं आहे, तेवढं फिटनेस लिहून द्या." वर्षानुवर्षांचा परिचय असतो, नकार देणे जड जाते. नाडी पाहिली जाते, रक्तदाब घेतला जातो आणि 'काम करण्यास योग्य' असा शेरा लिहिला जातो. या शेऱ्याचा गंभीरपणे विचार करण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

समुद्रगामी जहाजांवरील नाविकांच्या तपासणीची व्यवस्था निश्चित आहे. नौवहन महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या आधुनिक वैद्यकाच्या परीक्षकांनीच ते प्रमाणपत्र द्यावयाचे असते. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार त्याची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे, आणि अठरा वर्षांखालील नाविकासाठी एक वर्ष असते. परंतु खाडीतील फेरीबोटी, प्रवासी लाँच व लहान मालवाहू होड्या यांच्याविषयी समाजाची समजूत वेगळी आहे. किनारा दिसतो आहे, मग धोका कसला, असे सर्रास मानले जाते.

ही समजूत अर्धीच खरी आहे. किनाऱ्याजवळ वैद्यकीय मदत लवकर मिळते, हे मान्य. म्हणूनच काही व्याधी असलेल्या नाविकास दूरच्या सफरीवर न पाठवता किनाऱ्यालगत काम करू देण्याची 'मर्यादित पात्रता' ही संकल्पना रूढ झाली. परंतु मोठ्या जहाजावर एक अधिकारी आजारी पडल्यास दुसरा उभा राहतो. लहान लाँचवर दोन-तीन माणसे असतात आणि प्रवासी मात्र पन्नास-साठ. मधुमेहाची औषधे घेणाऱ्या सारंगाची साखर अकस्मात उतरली, किंवा अपस्माराचा वेग आला, तर सुकाणू धरणार कोण? मदत पोहोचण्यापूर्वीच जे घडावयाचे ते घडून जाते.

खरी तपासणी म्हणजे केवळ नाडी व रक्तदाब नव्हे. रात्री समोरून येणाऱ्या नौकेच्या डाव्या अंगास तांबडा आणि उजव्या अंगास हिरवा दिवा असतो. हे दोन रंग ज्यास वेगळे ओळखता येत नाहीत, त्यास ती नौका कोणत्या दिशेने चालली आहे हेच कळणार नाही. तिमिरात रंगांची जाणीव बदलते, हे सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात सांगितले आहे. जन्मजात रंगांधता मात्र रुग्णास स्वतःलाही ठाऊक नसते. ती इशिहाराच्या तक्त्यांवाचून उघड होत नाही. श्रवणशक्ती, शिडी चढण्याचे बळ, भरती-ओहोटीच्या वेळांमुळे मोडणारी झोप, यांचीही विचारणा हवी. चरकोक्त दशविध परीक्षेतील सत्त्व व व्यायामशक्ती यांचा विचार येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतो. परंतु तो तक्त्यांची आणि यंत्रांची जागा घेऊ शकत नाही.

आमच्या औषधविक्रेत्या बंधूंचाही या विषयाशी निकटचा संबंध आहे. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो. समुद्रगामी नाविकांसाठी रक्तातील मद्याची मर्यादा ०.०५ टक्के आहे. योग्य मात्रेतील अरिष्टाने ती सहसा ओलांडली जाणार नाही. परंतु औषध घेतल्याबरोबर श्वासचाचणी झाली तर यंत्र मद्य दाखवू शकते आणि गरीब खलाशाची नोकरी धोक्यात येते. मात्रा सोडून बाटली रिकामी करणाऱ्याची गोष्ट तर वेगळीच. सर्पगंधायुक्त कल्पांनी ग्लानी व उठताना भोवळ येऊ शकते. भांग किंवा पारसिक यवानी असलेल्या कल्पांविषयी अधिक सांगणे नलगे; अनुसूची ई (१) मध्ये त्यांचा समावेश उगाच झालेला नाही. बाटली देण्यापूर्वी 'काम कोणते करता?' हा एक प्रश्न विचारण्यास पैसा लागत नाही.

वैद्यांनाही नाविकांच्या तपासणीचा अधिकार मिळावा, अशी मागणी आपल्या बैठकांतून अधूनमधून होते. तिला आमचा तत्त्वतः विरोध नाही. परंतु जी तपासणी आपण केलीच नाही, तिच्यावर आज स्वाक्षरी करणाऱ्यांनी उद्या अधिकार कोणत्या तोंडाने मागावा? अधिकार प्रशिक्षणाने, साधनांनी आणि नोंदींनी मिळवावा लागतो.

तोपर्यंत आपले कर्तव्य स्पष्ट आहे. जे तपासले तेवढेच लिहावे. 'अमुक व्याधीसाठी चिकित्सा चालू आहे, अमुक औषधे दिली आहेत' असे पत्र देऊन नाविकास अधिकृत परीक्षकाकडे पाठवावे. व्याधी लपविण्यास साहाय्य करू नये. रोजगार बुडेल या भीतीने तो लपवू पाहील. त्यास बाजूला बसवून सांगावे की, पुष्कळदा काम बदलून वा व्याधी आटोक्यात आणून नोकरी टिकते.

स्नेहापोटी दिलेला शेरा हा त्या नाविकावर उपकार नव्हे. त्याच लाँचमधून आपली मुलेबाळेही पैलतीरास जात असतात, एवढे स्मरण स्वाक्षरी करताना असावे.