माकडाचे पिल्लू घरात, दुखणे दोघांना

महामार्गावर, पळासनेरच्या पुढे घाटात एखादी माकडीण गाडीखाली येते. पोटाला बिलगलेले पिल्लू वाचते. कोणीतरी ते शिरपूरला घरी आणतो, बाटलीने दूध पाजतो. शनिवारी शेजारच्या बायका हळदकुंकू वाहून जातात. हेतू चांगलाच असतो. पण हे पिल्लू दोन दिवसांत वन खात्याच्या स्वाधीन करावे, दोन वर्षांनी नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चार-पाच वर्षांत नर वयात येतो, सुळे वाढतात आणि खांद्यावर बसणारा 'बंड्या' घरातल्याच मुलाला चावतो. अशी जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, हळद, मिरचीपूड भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी, धनुर्वाताचेही विचारावे. "घरचेच माकड आहे" म्हणून थांबू नये. लालतोंड्या माकडात बी नावाचा विषाणूही असतो. 1932 साली अमेरिकेत माकड चावून ब्रेब्नर नावाचा तरुण डॉक्टर दगावला, त्याच्या आडनावावरून हे अक्षर आले. असे क्वचित घडते, पण घडते. उलट बाजूही आहे. घरात कोणाला क्षय असेल तर तो माकडालाही होतो.

चावल्यावर साखळी येते, आणि पुष्कळदा त्यानंतरच प्राण्यांच्या अनाथालयाची आठवण होते. तिथे आधी त्याला वेगळे ठेवतात, क्षयाची तपासणी करतात. चहा-बिस्किटांनी दात किडलेले असतात, अंगावर चरबी असते. ऊन न मिळालेल्या माकडाची हाडे मुडदूस झालेल्या मुलासारखी वाकतात. इंग्लंडात 1987 साली सुरू झालेल्या 'मंकी वर्ल्ड'मध्ये पक्ष्यांच्या पिंजऱ्यात वाढलेली इवलीशी मार्मोसेट माकडे याच दुखण्याने येतात.

हाडांना औषध आहे. मनाचे काय? एकटे वाढलेले माकड तासन्तास झुलत बसते, स्वतःचाच हात चावते. अमेरिकेतील हॅरी हार्लो यांनी माकडाची पिल्ले मुद्दाम एकटी ठेवून हे पाहिले. प्रयोग निर्दय होता, आम्हाला तो पटत नाही. पण त्यातूनच एक उपयोगी गोष्ट कळली. 1972 साली सुओमी व हार्लो यांनी अशा सहा महिन्यांच्या बिथरलेल्या पिल्लांजवळ तीन महिन्यांची निरोगी पिल्ली सोडली. ती लहानगी भांडली नाहीत, नुसती जाऊन बिलगली. काही महिन्यांत मोठी पिल्ले खेळू लागली. चांगल्या केंद्रात आजही आधी जाळीआडून ओळख, मग एक सोबती, मग कळप, असाच क्रम असतो. एकमेकांच्या अंगावरचे केस विंचरणे सुरू झाले की निम्मे काम झाले.

"मग अनेरच्या जंगलातच सोडून द्या ना," असे काहीजण म्हणतात. माणसाळलेले माकड तिथे जगत नाही. दुसरी टोळी त्याला फाडते, किंवा ते पुन्हा वस्तीत शिरते. शिवाय पश्चिम भारतात तापी ही माकडांची हद्द मानली जाते: उत्तरेला आखूड शेपटीचे लालतोंडे, दक्षिणेला लांब शेपटीचे टोपीवाले. पाळलेले माकड कुठून आणले हे मालकालाच पुष्कळदा आठवत नाही.

हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे यांचे प्राण्यांचे अनाथालयही शिकाऱ्यांनी मारलेल्या माकडिणीच्या पिल्लापासूनच सुरू झाले, हा दाखला हमखास दिला जातो. तिथे नवरा-बायको दोघेही डॉक्टर होते आणि अंगण जंगलाला लागून होते. आपल्या गल्लीत दोन्ही नाही.

पिल्लू दिसलेच, तर टोळी जवळ आहे का ते दुरून पाहावे. कधी दुसरी माकडीण त्याला उचलून नेते. नाहीच आली, तर हाताला फडके गुंडाळून पिल्लू खोक्यात ठेवावे, बिलगायला जाड टॉवेल द्यावा, मुलांना दूर ठेवावे आणि वन खात्याला फोन करावा.