नवे इंजिन आधी बसू द्या

नागपूरला शिकणारा आमचा भाचा एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये आहे. तिथे विमानांची मॉडेले बनवायला आणि उडवायला शिकवतात. दिवाळीच्या सुट्टीत तो बल्लारपूरला आमच्याकडे आला तो अडीच सी.सी.चे कोरे इंजिन घेऊन. बापाच्या बोनसमधून घेतलेले! अंगणात फळीवर आवळले, पंखा फिरवला, चालूही झाले. पण प्लगची बॅटरी काढली की लगेच बंद. पोरगा सुई आवळायला लागला, तसा मी त्याचा हात धरला.

मी जन्मभर खाणीत फिटर. एवढेसे इंजिन कधी हाताळले नव्हते, पण लोखंडाचा धर्म सगळीकडे सारखाच. ह्या इंजिनाला वेगळे ऑइल नसते. चार भाग मेथॅनॉल आणि एक भाग शुद्ध एरंडेल, हेच इंधन आणि हेच वंगण. सुई आवळली की इंधन कमी होते आणि त्याच्याबरोबर तेलही. नव्या इंजिनात पिस्टन अजून सिलिंडरला बसलेला नसतो. तेल तुटले की तो तापतो आणि चिकटतो. मग बापाचा बोनस गेला म्हणायचा.

दोष प्लगचा निघाला. ह्या प्लगमध्ये प्लॅटिनमच्या तारेचे बारीक वेटोळे असते. सुरू करताना दीड व्होल्टच्या सेलने ते लाल करायचे. पुढे इंजिन चालते तोवर मेथॅनॉलच ते तापते ठेवते. भाच्याने मित्राचा जुना प्लग लावला होता. नवा लावताच बॅटरी काढल्यावरही इंजिन गुरगुरत राहिले.

तसेच गुरगुरू द्यायचे. सुई सैल, धूर भरपूर, तेलाचे शिंतोडे. दीड-दोन मिनिटे चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा चालवा. सुरुवातीला बाहेर पडणारे तेल काळपट असते. ते स्वच्छ येऊ लागले की सुई थोडी थोडी आवळा. आमचा अख्खा रविवार त्यात गेला, शेजारी वैतागले. (हे लोखंडी पिस्टनच्या इंजिनाचे. पितळी बाहीच्या इंजिनाला फार थंड चालवणे मानवत नाही. त्याचे माहितीपत्रक पाहा.)

मध्येच बंद पडले तर आधी नळीत बुडबुडे दिसतात का आणि सुईत कचरा आहे का ते बघा. इंधन तुंबले असेल तर प्लग काढून पंखा फिरवा. बोटाने नव्हे, काठीने. आणि फिरत्या पंख्यासमोर कोणी उभे राहू नये.

घरच्या बायामाणसांनी एक लक्षात ठेवावे. मेथॅनॉल हे जहर आहे. पोटात गेले तर डोळे जातात, जीवही जातो. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत मेथॅनॉलच्या दारूने १०० हून अधिक माणसे दगावली. ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नका. त्याची ज्योत दिवसा दिसतही नाही, म्हणून चुलीपासून लांब ठेवा.

मेथॅनॉल ओल ओढते, बेअरिंग गंजते. म्हणून संध्याकाळी उरलेले इंधन काढून टाकले, आत शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब सोडले आणि इंजिन फडक्यात गुंडाळले. डबा माझ्या हत्यारांच्या पेटीत, कुलपात आहे.