व्हिजिट व्हिसाचा सल्ला धोक्याचा

संपादक महोदय,



आखातातील नोकऱ्यांवरील आपल्या रविवारच्या लेखात, आधी व्हिजिट व्हिसावर दुबई गाठा, काम तिथे मिळतेच, असे सुचवले आहे. व्हिजिट व्हिसावर काम करणे तिथे बेकायदा आहे. पगार बुडाला तर दाद मागणाऱ्यावरच कारवाईची वेळ येते. दागिने गहाण टाकून निघणाऱ्या कोकणातल्या मुलांना असा सल्ला देऊ नये.

एजंटाला लाख-दीड लाख देणे रूढच आहे, असेही लेखक म्हणतात. रूढ असेल, कायदेशीर नाही. १९८३च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी भरती करणाऱ्या एजंटाची केंद्र सरकारकडे नोंदणी लागते. नोंदणीकृत एजंटालाही उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. नोंदणी चालू आहे की नाही, हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. पैसे देण्याआधी ते पाहावे आणि पावतीशिवाय रुपयाही देऊ नये.

‘ईसीआर’ (उत्प्रवास तपासणी आवश्यक) पासपोर्टवाल्यांना नोकरीसाठी जाताना लागणारी सरकारी मंजुरी लेखकाला कटकट वाटते. सौदी, ओमान, कतार धरून १८ देशांसाठी ती लागते. तिच्यामुळेच पगार आणि कामाच्या अटी करारात लेखी येतात, १० लाखांचा अपघाती विमा मिळतो. व्हिजिट व्हिसावर गेलेल्याला यातले काहीच मिळत नाही.

अरबी-इंग्रजी शिकण्याचा सल्ला तेवढा योग्य. बाकीची दुरुस्ती पुढील अंकात ठळकपणे छापावी.

– एक वाचक, चिपळूण